श्वासरुग्णाची सेवा आणि आपल्या अधिकाराची सीमा

दिवाळी सरली की परभणी जिल्ह्यातील वैद्यांच्या आणि औषधविक्रेत्यांच्या दारी श्वासरुग्णांची वर्दळ वाढू लागते. मानवत आणि सेलूच्या बाजारांत कापसाच्या गाड्या येऊ लागतात, जिनिंगमधील बारीक तंतू हवेत तरंगत राहतात, पुढे तुरीची मळणी सुरू झाली की शेताशेतांत भुसा उडतो. त्यात पहाटेची थंडी, चुलीचा धूर आणि विडीचे व्यसन यांची भर पडते. जिंतूरच्या डोंगराळ भागापासून गंगाखेड-सोनपेठच्या गोदाकाठापर्यंत पसरलेल्या नऊ तालुक्यांत अशा रुग्णास प्रथम भेटणारा चिकित्सक बहुधा आयुर्वेदाचा पदवीधर असतो आणि त्याहूनही आधी भेटणारा मनुष्य बहुधा औषधविक्रेता असतो. म्हणूनच श्वासरुग्णाच्या बाबतीत कायद्याने कोणास काय करण्याची मुभा दिली आहे, ती कोठे संपते आणि संपल्यावर आपले कर्तव्य कोणते, याचा विचार आपल्या सभासदांनी स्पष्टपणे करावा असे आम्हांस वाटते.

या विषयावर दोन टोकांची मते ऐकू येतात. ‘आम्हांस सर्व अधिकार आहेत’ असे काही व्यवसायबंधू म्हणतात. ‘आयुर्वेदाच्या वैद्याने नेब्युलायझरला हातही लावू नये’ असे काही अन्य मंडळी म्हणतात. कायदा या दोहोंपैकी काहीच म्हणत नाही.

सीमा ही शास्त्राचीच आज्ञा

व्यवसायाची कक्षा ठरविणे ही केवळ आधुनिक राज्यसंस्थेची कल्पना आहे असे समजण्याचे कारण नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात वैद्याने व्यवसायात केव्हा पदार्पण करावे हे सांगितले आहे. शास्त्राचे अध्ययन केलेला, कर्म पाहिलेला, ते स्वतः करून सराव केलेला आणि राजाची अनुज्ञा मिळविलेला वैद्यच रुग्णाकडे जाण्यास पात्र होय, असा त्याचा आशय आहे. पदवी, प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि नोंदणी या आजच्या तीनही अटी त्यात आल्या.

चरकसंहितेतील हिक्काश्वासचिकित्सेच्या अध्यायात श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी महाश्वास, ऊर्ध्वश्वास व छिन्नश्वास हे असाध्य, तमकश्वास हा याप्य आणि नवीन असता साध्य, तर क्षुद्रश्वास हा साध्य मानला आहे. साध्यासाध्यतेचा हा विचार म्हणजे आपण कोठे हात घालावा आणि कोठे थांबावे याचा विवेकच होय. प्राचीन काळी असाध्य ठरलेल्या अवस्थांतील काही रुग्ण आज कृत्रिम श्वसनयंत्राच्या साहाय्याने वाचू शकतात. त्यामुळे ‘असाध्य’ या निदानाचा आजचा व्यवहारातील अर्थ ‘विनाविलंब मोठ्या रुग्णालयाकडे’ असाच घ्यावा लागतो.

कायद्याची वाटचाल

मुंबई प्रांतात १९३८ च्या कायद्याने वैद्य-हकिमांची नोंदणी सुरू झाली, तेव्हा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्यानंतरच्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ या कायद्याने राज्यातील भारतीय वैद्यकाच्या व्यावसायिकांस एका नोंदणीखाली आणले. आपले नोंदणी प्रमाणपत्र याच कायद्याखालील आहे. नोंदणी नसताना व्यवसाय करण्यास कलम ३३ ने मनाई आहे.

केंद्राने १९७० साली भारतीय वैद्यक केंद्रीय परिषद अधिनियम केला. त्याच्या कलम १७ मध्ये, राज्याच्या कायद्याने नोंदणीकृत व्यावसायिकास जे अधिकार दिले असतील ते अबाधित राहतील अशी तरतूद होती. त्या कायद्याची जागा आता राष्ट्रीय भारतीय वैद्यक पद्धती आयोग अधिनियम, २०२० ने घेतली असून जुनी परिषद २०२१ पासून अस्तित्वात नाही.

आधुनिक औषधे लिहिण्याचा प्रश्न मात्र औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील नियम २ (ईई) शी निगडित आहे. ‘नोंदणीकृत वैद्यक व्यवसायी’ कोण हे या नियमात सांगितले असून, त्याच्या तिसऱ्या उपखंडानुसार राज्य शासन आदेशाद्वारे विशिष्ट व्यावसायिकांना त्या कायद्यापुरते आधुनिक वैद्यकाचे व्यावसायिक म्हणून घोषित करू शकते. महाराष्ट्र शासनाने २५ नोव्हेंबर १९९२ आणि २३ फेब्रुवारी १९९९ रोजी या विषयावर अधिसूचना काढल्या. १९६१ च्या कायद्याच्या अनुसूचीतील विशिष्ट भागांत मोडणाऱ्या अर्हताधारकांस त्यांनी ही मुभा दिली, परंतु ती ‘त्या पद्धतीत मिळालेल्या प्रशिक्षणाच्या मर्यादेपर्यंत’ दिली. सभासदांनी हे शब्द नीट ध्यानी घ्यावेत. आपली सारी व्यवसायकक्षा या शब्दांवर उभी आहे.

न्यायालये काय म्हणतात

सर्वोच्च न्यायालयाने डॉ. मुख्तियार चंद विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात ८ ऑक्टोबर १९९८ रोजी निर्णय देताना नियम २ (ईई) चा हा उपखंड वैध ठरविला. मात्र राज्याच्या कायद्याने आधुनिक वैद्यकाच्या व्यवसायाचा अधिकार मान्य केला असेल तरच अशी अधिसूचना टिकते, असेही स्पष्ट केले. याचा व्यवहारातील अर्थ असा की, महाराष्ट्रातील मुभा महाराष्ट्राच्या सीमेतच आहे. आपला एखादा पदवीधर शेजारच्या राज्यात जाऊन व्यवसाय करू लागला तर त्याने तेथील नियम पाहिले पाहिजेत.

त्याआधी १९९६ साली पूनम वर्मा खटल्याचा निर्णय लागला होता. मुंबईतील एका होमिओपॅथी व्यावसायिकाने तापाच्या रुग्णास आधुनिक औषधे दिली आणि १९९२ च्या जुलैमध्ये तो रुग्ण दगावला. ज्या पद्धतीचे ज्ञान नाही तिच्यात व्यवसाय करणारा हा त्या पद्धतीपुरता भोंदूच होय, अशा आशयाचे कठोर मत न्यायालयाने नोंदविले आणि नुकसानभरपाईचा आदेश दिला. नोंदणी असणे आणि ज्ञान असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या निर्णयाने कायमचे सांगून ठेवले.

श्वासरुग्णांच्या दृष्टीने आणखी एक निर्णय आपण विसरता कामा नये. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य हा ५ ऑगस्ट २००५ चा निर्णय बहुतेकांस ‘डॉक्टरांवर उठसूट फौजदारी खटला दाखल करता येत नाही’ एवढ्यापुरता ठाऊक असतो. त्याचा मूळ प्रसंग मात्र प्राणवायूचा होता. १९९५ साली लुधियानातील एका रुग्णालयात श्वास घेण्यास त्रास होणाऱ्या रुग्णास सिलिंडर जोडण्यात आला आणि तो रिकामा निघाला, अशी तक्रार होती. न्यायालयाने डॉक्टरवरील फौजदारी आरोप रद्द केला, पण सिलिंडरच्या अभावाबद्दल रुग्णालयाच्या दिवाणी दायित्वाचा प्रश्न मोकळा ठेवला. शिवाय वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, हे १९९५ च्या शांता खटल्यापासून सर्वश्रुत आहे. सारांश, ज्याच्या दवाखान्यात सिलिंडर आहे त्याच्यावर तो भरलेला ठेवण्याची जबाबदारीही आहे.

श्वसनसेवेतील अन्य कर्मी

आजवर श्वसनयंत्रे हाताळणाऱ्या तंत्रज्ञांना देशपातळीवर कायद्याची चौकट नव्हती. राष्ट्रीय सहबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ ने ती दिली. त्याच्या अनुसूचीत श्वसन तंत्रज्ञाचा समावेश आहे. सहबद्ध आरोग्य व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचे आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण हा कायदा सांगतो. सहबद्ध व्यावसायिकाने रोगनिदानास व उपचारास तांत्रिक साहाय्य करावे आणि वैद्यकीय, परिचर्या वा अन्य आरोग्यसेवा व्यावसायिकाने ठरविलेली उपचारयोजना अमलात आणण्यास मदत करावी, अशी त्याची व्याख्या आहे. उपचार ठरविणारा एक आणि तो अमलात आणणारा दुसरा, ही विभागणी येथे स्पष्ट होते.

हे आपणांस का सांगावे? कारण आपल्या अनेक दवाखान्यांत नेब्युलायझर लावणे, प्राणवायूचा प्रवाह कमी-अधिक करणे, इंजेक्शन देणे ही कामे ‘कंपाउंडर’ म्हणून ठेवलेला मुलगा करतो. त्यास कोणतेही प्रशिक्षण नसते आणि कोणतीही नोंदणी नसते. आपल्या स्वतःच्या अधिकाराची कक्षा प्रशिक्षणावर मोजली जात असताना, ज्यास प्रशिक्षणच नाही त्यास आपण आपला अधिकार उसना देऊ शकत नाही. त्याच्या हातून झालेल्या प्रमादाचे उत्तर अखेर प्रमाणपत्र भिंतीवर लावणाऱ्या वैद्यासच द्यावे लागते.

प्राणवायूची व्यवस्था हे स्वतंत्र तांत्रिक काम आहे, याची दुःखद साक्ष महाराष्ट्राने २१ एप्रिल २०२१ रोजी पाहिली. नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयातील टाकीतून गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण प्राणास मुकले.

याच विषयाची उजळ बाजूही आहे. राज्यात २०१४ पासून सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेत ९३७ वाहने होती आणि त्यांवर नेमलेल्या डॉक्टरांत आयुर्वेद पदवीधरांचे प्रमाण मोठे राहिले. प्रशिक्षण घेऊन, ठरलेल्या पद्धतीनुसार, वरिष्ठ रुग्णालयाशी संपर्क ठेवून काम केले तर आपले पदवीधर श्वासावरोधाच्या रुग्णास सुरक्षितपणे रुग्णालयात पोहोचवू शकतात, हे यातून दिसले. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून गेलेल्या आपल्या पदवीधरांनाही सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करूनच ती जबाबदारी मिळाली. याउलट, २०२० च्या नोव्हेंबरमधील ज्या अधिसूचनेत ५८ शस्त्रकर्मांची यादी आली ती केवळ शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तरांसाठी आहे. ती दाखवून अन्य कोणी आपली कक्षा वाढवू पाहील तर ते चालणार नाही.

दवाखान्यातील व्यवहार

आता नित्याच्या प्रसंगांकडे वळू. तमकश्वासाचा वेग आलेला रुग्ण दारी आला असता वैद्याने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. माझी नोंदणी मला या उपचाराची मुभा देते काय? मी हा उपचार प्रशिक्षणकाळात प्रत्यक्ष शिकलो आहे काय? आणि उपचार लागू पडला नाही तर पुढे काय करावयाचे हे माझ्यापाशी तयार आहे काय? तीनही उत्तरे होकारार्थी असतील तर उपचार करावा. एकही नकारार्थी असेल तर प्राथमिक साहाय्य देऊन रुग्ण पुढे पाठवावा.

पुढे पाठविण्याची लक्षणे ठरलेली असावीत. रुग्ण एक वाक्य सलग बोलू शकत नसेल, ओठ वा नखे निळसर झाली असतील, भान हरपत असेल, किंवा पल्स ऑक्सिमीटरवर प्राणवायूची पातळी ९० टक्क्यांखाली असेल तर वेळ दवडू नये. बालकांत श्वासाची गती मोजावी. दोन महिन्यांखालील बालकात मिनिटास ६०, दोन ते बारा महिन्यांत ५० आणि एक ते पाच वर्षांत ४० वा त्याहून अधिक गती ही धोक्याची सूचना होय. छाती आत ओढली जात असेल तर अधिकच.

प्राणवायू हे कायद्याच्या दृष्टीने औषधच आहे, त्यामुळे त्याचीही मात्रा असते. जुनाट धूम्रपानाने फुप्फुसे निकामी झालेल्या रुग्णात पातळी ८८ ते ९२ टक्के राखणे पुरेसे मानतात. अतिरिक्त प्राणवायूने अशा रुग्णाची ग्लानी वाढू शकते. सिलिंडरचा हिशेबही साधा आहे. ‘बी’ प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर वायू असतो. मिनिटास पाच लिटर या प्रवाहाने तो सुमारे पाच तास पुरतो. दाबमापक रोज पाहून त्याची नोंद वहीत करावी. नेब्युलायझरचा मुखवटा एका रुग्णाचा दुसऱ्यास वापरू नये आणि औषध पातळ करण्यास नळाचे पाणी घेऊ नये.

रुग्णास पाठविताना चिठ्ठी अवश्य द्यावी. आला त्या वेळची अवस्था, दिलेली औषधे, मात्रा आणि वेळ एवढे तिच्यात असावे. अशी चिठ्ठी पुढील डॉक्टरास उपयोगी पडते आणि उद्या प्रश्न उद्भवल्यास तीच आपली साक्षीदार ठरते. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. त्यामुळे गंभीर रुग्ण पुढे पाठवावयाचा म्हणजे नांदेड वा छत्रपती संभाजीनगरच गाठावयाचे, ही जुनी सबब आता पुढे करता येणार नाही. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, संकटग्रस्ताचा प्राण वाचविण्याचा प्रयत्न करणे हे प्रत्येक वैद्यकीय व्यावसायिकाचे कर्तव्य आहे. म्हणजेच ‘हे माझ्या कक्षेत नाही’ असे म्हणून दार लावून घेणे हेही कक्षेबाहेरचेच वर्तन होय.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या रुग्णास केवळ सितोपलादी देऊन घरी पाठवू नये, त्याची थुंकी तपासावी. क्षयरोगाची नोंद शासनाकडे करणे २०१२ पासून खाजगी व्यावसायिकांवरही बंधनकारक आहे. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने औषधविक्रेत्यांवरही ते बंधन स्पष्टपणे घातले. हेतुपुरस्सर टाळणाऱ्यांविरुद्ध त्या अधिसूचनेत भारतीय दंडविधानातील जी कलमे सांगितली होती, त्यांची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ व २७२ ने घेतली आहे.

औषधविक्रेत्यांसाठी

औषधविक्रेत्या बंधूंची कक्षा वैद्यापेक्षा निराळी आणि अधिक रेखीव आहे. साल्ब्युटामॉल, प्रेडनिसोलोन यांसारखी औषधे अनुसूची ‘एच’ मध्ये मोडतात, ती नोंदणीकृत व्यवसायीच्या चिठ्ठीवाचून देता येत नाहीत. क्षयरोगावरील प्रमुख औषधे आणि अनेक प्रतिजैविके १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ मध्ये आहेत. त्यांची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. ‘पंप द्या, कालच्यासारखीच गोळी द्या’ असे म्हणणारा गिऱ्हाईक ओळखीचा असला तरी त्याची अवस्था ओळखीची असतेच असे नाही.

आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीसाठी वेगळा परवाना लागत नाही म्हणून ती निर्धोक आहेत असा समज पसरला आहे. श्वासरोगातील नित्याची दोन औषधे पाहा. श्वासकुठार रसात वत्सनाभ आहे आणि कनकासवात धत्तूर आहे. ही दोन्ही द्रव्ये औषध नियमांच्या अनुसूची ‘ई-१’ मधील विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत आणि अशा द्रव्यांनी युक्त औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे नियम १६१ नुसार आवश्यक आहे. ती सूचना वाचून दाखविण्याचे सौजन्य विक्रेत्याने ठेवावे. हृदयरोगी, गर्भवती आणि वृद्ध यांच्या बाबतीत तर वैद्याच्या सल्ल्यावाचून अशी औषधे देऊच नयेत.

पुडीचा प्रश्न

सर्वांत गंभीर प्रश्न आम्ही शेवटी घेतला आहे. ‘दम्याची पुडी’ या नावाने जी बिननावाची चूर्णे खेडोपाडी विकली जातात, त्यांत कधीकधी स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून मिसळलेल्या असतात. रुग्णास दोन दिवसांत आराम पडतो, चेहरा भरतो, भूक लागते आणि ‘आयुर्वेदाचा गुण आला’ अशी ख्याती होते. पुढे मधुमेह बळावतो, हाडे ठिसूळ होतात, दबून राहिलेला क्षय उफाळतो आणि पुडी अचानक बंद केली तर प्राणावर बेतते. चिठ्ठीवर नाव, मात्रा व मुदत लिहून स्टिरॉइड देणे हा अधिकाराच्या मर्यादेचा प्रश्न होऊ शकतो. ते न सांगता चूर्णात मिसळणे ही मात्र सरळ भेसळ आहे, तिला कोणतीही अधिसूचना संरक्षण देत नाही. जो रुग्ण पुडीमुळे बिघडून मोठ्या रुग्णालयात पोहोचतो, त्याच्या कागदावर ‘आयुर्वेदिक औषध घेतले’ एवढीच नोंद होते आणि प्रामाणिकपणे चिकित्सा करणाऱ्या सर्व वैद्यांची अप्रतिष्ठा होते.

दमा समूळ नष्ट करण्याच्या हमीचे फलक हाही याच प्रश्नाचा भाग आहे. औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’ मध्ये दम्याचे नाव आहे. ज्या रोगांच्या खात्रीशीर बरे होण्याचा दावा औषधाच्या नावे करू नये, अशा रोगांची ती यादी होय. तमकश्वास याप्य आहे असे चरकाचार्य सांगत असता, त्यांचे नाव घेणाऱ्याने हमीचा फलक लावावा ही विसंगती आहे.

आपण काय करावे

सभासदांनी आपले नोंदणी प्रमाणपत्र काढून आपली अर्हता अनुसूचीच्या कोणत्या भागात मोडते ते पाहावे आणि नूतनीकरण वेळेवर करावे. आंतरवासितेची व नंतरच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत, कारण ‘प्रशिक्षणाच्या मर्यादेपर्यंत’ हे शब्द सिद्ध करण्याची वेळ आली तर तोच पुरावा आहे. चिठ्ठीवर पदवी जशी आहे तशीच लिहावी, ‘छातीविकार तज्ज्ञ’ अशी स्वयंघोषित बिरुदे लावू नयेत. तालुकापातळीवरील सभांत प्राणवायू, नेब्युलायझर आणि जीवरक्षक प्रथमोपचार यांची प्रात्यक्षिके ठेवावीत व त्यांस मदतनिसांनाही बोलवावे. औषधविक्रेत्यांनी व वैद्यांनी आपल्या गावापुरती तरी एकत्र बैठक घेऊन बिननावाची पुडी कोणी विकणार नाही आणि कोणी लिहून देणार नाही असे ठरवावे.

आपला अधिकार पुष्कळांना खुपतो, त्याविरुद्ध वेळोवेळी आवाज उठतो आणि पुढेही उठेल. त्यास निवेदनांनी व मोर्चांनी उत्तर देता येते, परंतु ते उत्तर टिकाऊ नसते. ज्या वैद्याने आपल्या मर्यादेत केलेला प्रत्येक उपचार लिहून ठेवला आहे आणि मर्यादा येताच रुग्णास वेळेवर पुढे पाठविले आहे, त्याच्या वहीपुढे आक्षेपकाचा युक्तिवाद फार काळ टिकत नाही. यंदाच्या हंगामात श्वासरुग्णांची गर्दी सुरू होण्यापूर्वी अशी एक वही प्रत्येक दवाखान्यात आणि प्रत्येक औषधालयात उघडली जावी, एवढीच आमची सर्व व्यवसायबंधू-भगिनींना आग्रहाची विनंती आहे.